नाव घातलेला डबा

आखातातल्या हूरामध्ये हॉटेलांच्या मागच्या गल्लीत, एका न्हाव्याच्या दुकानाच्या वर, कामगारांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. लोकांनी फुकट दिलेलं तिथे विकायचं आणि त्या पैशांतून अडकलेल्या कामगारांना घरी जायची तिकिटं काढून द्यायची, असं ते पुण्याचं काम. दोन्ही अर्थांनी पुण्याचं, कारण किमती लावायला हेमाताई साठे बसायच्या.

भांडं हातात आलं की हेमाताई ते उजेडात धरायच्या, टिचकी मारायच्या, मग गिऱ्हाइकाच्या चपला बघायच्या आणि किंमत सांगायच्या. चांगलं म्हणून जे काही येई ते फळीवर चढायच्या आधीच त्यांच्या पिशवीत जाई. आधी पोटोबा, मग विठोबा. उरलेला गाळ मांडायचा, आणि तोही जवळजवळ नव्याच्या भावात. कुणी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "धर्माची गाय आणि दात का गं नाही?" अहो बाई, धर्माची गाय फुकट मिळते म्हणून तिचे दात बघायचे नसतात, इथे तर माणसं खिशातले दिनार काढून देतात. पण हे त्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नव्हतं, आणि सावनी तर मुळीच नाही.

सावनी त्यांची शुक्रवारची मदतनीस. तिच्या नवऱ्याची, सलीलची, सित्रामधल्या कंपनीतली अकाउंट्सची नोकरी गेली होती. व्हिसा होता महिनाअखेरपर्यंत. तोवर नोकरी मिळाली तर राहायचं, नाही तर लेकीचं शाळेचं वर्ष अर्धवट टाकून बोजाबिस्तरा आवरायचा. हेमाताईंचे यजमान राजन हिद्दच्या एका मोठ्या कंपनीत हिशेबखात्याचे साहेब होते आणि त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. "रविवारी पाठव सलीलला. मी ह्यांच्याशी बोलून ठेवते," असं हेमाताई म्हणाल्या होत्या. राजनसाहेब बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते, हे इथल्या सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक. म्हणून सावनी दर शुक्रवारी येऊन धूळ पुसायची, मिक्सर तपासायची आणि हेमाताईंच्या विनोदांना हसायची. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिला स्वतःची किळस यायची, पण ती हसायची.

त्या शुक्रवारी सकाळी ती पुडीतले पोहे डब्यात भरायला उठली आणि पोह्यांचा डबा जागेवर नव्हता.

मोठं घर सोडून ती तिघं नुकतीच एका खोलीत आली होती. अर्धं सामान खोक्यांत होतं. सलील बिचारा रिकामा बसून कंटाळलेला. काल संध्याकाळी त्याने आपणहून एक खोकं उचललं आणि संस्थेच्या दुकानाच्या दाराशी नेऊन ठेवलं. द्यायचं खोकं घरीच राहिलं, ठेवायचं गेलं.

"डबाच ना? दुसरा घेऊ," सलील म्हणाला.

"अरे, हेमाताईंचा डबा होता तो," सावनी म्हणाली, आणि सलीलच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण असं. काही वर्षांपूर्वी लेकीच्या बारशाला हेमाताईंनी बेसनाचे लाडू भरून एक मोठा स्टीलचा डबा दिला होता. काठावर नाव घातलेलं: 'सौ. हेमा राजन साठे यांजकडून'. नाव घालायचं विजेचं पेन त्यांनी घरीच ठेवलेलं, पुण्याहून आणलेलं. आता ज्यांच्या नावाचा डबा, त्यांच्याच दुकानात तो भंगारात गेलेला बघून त्यांना काय वाटेल? पण एवढंच असतं तरी निभावलं असतं. डबा घरी आल्यावर पहिल्यांदाच घासताना सावनीने तो पालथा केला, तर तळाला बारीक ठिपक्यांत दुसरंच नाव: 'बेसिल-टेरेसा, वसई'.

टेरेसाआंटी म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या. निवृत्त नर्स, मूळच्या वसईच्या. नवरा बेसिल गेल्यावर त्यांनी घरातली भांडी दुकानाला देऊन टाकली होती. त्यातला हा डबा हेमाताईंनी बिनबोभाट घरी नेला, काठ बघितला, कोरा आहे म्हणून आपलं नाव घातलं आणि सावनीला आहेर केला. तळ काही त्यांनी बघितला नाही. त्या दिवशी सावनी आणि सलील पोट दुखेपर्यंत हसले होते. मग दोघांनी मूग गिळले. कोणाची अब्रू कुठे काढायची याचं भान परक्या मुलखात फार लवकर येतं.

सावनी पोहे तसेच टाकून दुकानात धावली. पण हेमाताई आधीच आल्या होत्या. टेरेसाआंटी गल्ल्यावर, आणखी दोघीजणी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. खोकं अजून बंद होतं, कोपऱ्यात. सावनी तिकडे सरकली तेवढ्यात दारातून झुबेर आला. सित्राच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारा वेल्डर, शुक्रवारच्या सुट्टीला हूरात यायचा. हातात मागच्या आठवड्यात इथूनच नेलेला कुकर.

"मॅडम, इसका सीटी नहीं बजता. सारी भाप बाजू से निकलती है."

"तो रबर बदलो ना," हेमाताई म्हणाल्या.

"बदला मॅडम. ढक्कन टेढा है."

"हमारे यहाँ रिटर्न मफी, वापस नहीं लेते. ले जाते समय आँखें कहाँ थीं?" आणि मग घड्या घालणाऱ्या बायकांकडे वळून मराठीत, "तीन दिनारांत ह्यांना नवा कुकर हवा, वर त्याने शिट्ट्याही मारायला हव्यात." बायका हसल्या. सावनीही हसली, कारण हेमाताईंनी तिच्याकडे बघितलं होतं. हसता हसता तिने पाठीमागे हात घालून खोक्याची पट्टी उचकटली, डबा ओढून काढला आणि शेजारच्या जुन्या पडद्यांच्या ढिगात खुपसला. तिचा जीव भांड्यात पडला.

पण झुबेर जाईना. तो तिथेच उभा राहिला, कुकर छातीशी धरून. त्याचा आवाज चढला नाही, हात जोडले नाहीत, तो नुसता उभा राहिला. शेवटी हेमाताईच वैतागल्या. "अच्छा, पैसा नहीं मिलेगा. बदले में कुछ और उठाओ और यल्ला, जाओ."

झुबेरने फळ्या बघितल्या. कान तुटलेले कप, तळ जळलेला तवा. मग तो पडद्यांच्या ढिगाकडे गेला. कॅम्पच्या खिडकीला पडदा हवा असेल बिचाऱ्याला. त्याने वरचा पडदा ओढला आणि डबा गडगडत खाली आला.

"ये दे दो, मॅडम. चावल में चींटी बहुत होती है."

सावनी पुढे झाली. "ये नहीं, ये गलती से आया है."

"थांब, बघू," हेमाताई म्हणाल्या. त्यांनी डबा उजेडात धरला, टिचकी मारायला बोट उचललं आणि ते बोट तसंच राहिलं. काठावरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं. मग सावनीकडे बघून गोड हसल्या. साखर पेरून बोलायच्या तेव्हा त्यांची फार भीती वाटायची.

"बारशाचा ना गं हा?"

"ताई, सलीलने चुकून खोकं आणलं. मी आत्ता तोच न्यायला..."

"पडद्यांत लपवून नेतात होय? असू दे. नको असलेल्या वस्तू असतात माणसांच्या घरी. मी नाही मनाला लावून घेत." घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. "पण एकदा दुकानात आलं की दुकानाचं. नाव घातलेल्या भांड्याला आपण निम्मी किंमत लावतो, हो ना? मग लाव. तुझ्या हाताने लाव. हेमा साठेच्या नावाची किंमत."

सावनीने चिठ्ठी घेतली, एक दिनार लिहिलं आणि चिकटवलं. चालेल, ती मनात म्हणत होती, एवढ्यावर भागलं तर चालेल. रविवार तेवढा हातातून जाऊ नये. हेमाताईंनीही कुकरच्या बदल्यात डबा मंजूर केला आणि आंटींकडे सरकवला. "टेरेसा, दे ह्याला बांधून. खलास."

टेरेसाआंटींनी वर्तमानपत्र पसरलं आणि नर्सच्या सवयीने डबा आधी पुसायला घेतला. आतून पुसला, बाहेरून पुसला, मग पालथा केला. त्या थबकल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा तर आमचा," त्या म्हणाल्या. "बेसिलने नाव घातलंय. तो म्हणायचा, घासलेली भांडी पालथी घालतात, तेव्हा नाव वर आलं पाहिजे." त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "हेमा, तू तर म्हणाली होतीस, मी दिला त्याच दिवशी सित्राच्या एका कामगाराने नेला. मग त्याच्यावर तुझं नाव कसं?"

घड्या घालणारी एकजण ओठ दाबून खाली बघायला लागली. हेमाताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सावनीला आनंद व्हायला हवा होता. तिला दिसला तो सलील, इस्त्रीचा शर्ट घालून हिद्दला जायला निघालेला. आणि ती बोलून गेली.

"तो मीच नेला होता, आंटी. ताई विसरल्या असतील. बारशाला ताईंनी रोख पैसे दिले होते. त्या पैशांतून मी इथूनच डबा घेतला आणि त्यांची आठवण म्हणून त्यांचं नाव घातलं. त्यांचंच पेन मागून आणलं होतं."

आहेराच्या पैशातून भांडं घ्यायचं आणि देणाऱ्याचं नाव घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. खोटं इतकं चोख बसलं की सावनीलाच आश्चर्य वाटलं. तिने हेमाताईंकडे बघितलं. बुडत्याला काठी दिली होती तिने. निदान नजरेतून तरी काही परत येईल असं तिला वाटलं.

हेमाताईंनी काठी घेतली, आणि काठावर येताच तिच्याच पाठीत घातली.

"म्हणजे?" त्या हळू म्हणाल्या. "मी तुला चाळीस दिनार दिले होते सावनी. पाकिटात घालून. तू त्यातून दोन दिनारांचा जुना डबा आणलास? आणि वर माझं नाव घातलंस? म्हणजे तुझ्या घरी येणारा जो तो म्हणत असेल, हेमा साठेने बाळाला जुनं भांडं दिलं. आणि बाकीचे पैसे?"

चाळीस दिनार! चार आणेसुद्धा दिले नव्हते बाईने. लाडवांतले बेदाणेही मोजूनच घातले होते. सावनी आता काय म्हणणार? पैसे दिलेच नव्हते म्हणावं तर आत्ताच स्वतःच्या तोंडाने दिले म्हणून सांगितलेलं.

"बोल ना गं."

"खर्च झाले, ताई," सावनी म्हणाली.

"खर्च झाले." हेमाताईंनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांचा आवाज आता दुःखी झाला होता, आणि ते दुःख त्यांना छान जमत होतं. "गरज होती तर मागायचे होतेस, आणखी दिले असते. पण हा हिशेब? आणि अशा घरातल्या माणसाला ह्यांनी हिशेबाला बसवायचं? माझ्या सांगण्यावरून? उद्या तिथे काही झालं तर ह्यांनी तोंड कुठे लपवायचं? नाही गं बाई. मला ह्यांना सांगायलाच हवं."

त्यांना सगळं ठाऊक होतं. सावनी कशासाठी खोटं बोलली, कोणासाठी बोलली, अगदी सगळं. पण आपलं पितळ जिने पाहिलं, तिला आपल्याच नवऱ्याच्या ऑफिसच्या आसपास कोण नांदू देईल? हेमाताई फोन घेऊन जिन्यात गेल्या. दार उघडंच ठेवलं. "अहो, तो सलील रविवारी येणार होता ना? नको. नाही, नाही, आल्यावर सांगते. दुसऱ्या कुणालातरी बोलवा." एवढं आत स्पष्ट ऐकू आलं.

झुबेरला मराठी कळत नव्हतं. आपल्या डब्यावरून काहीतरी बिनसलं एवढंच त्याने ताडलं, आणि कुणी मत बदलायच्या आत तो डबा वर्तमानपत्रासकट उचलून निघून गेला. आंटींनी त्याला अडवलं नाही. घड्या घालणाऱ्या दोघी पुन्हा घड्या घालायला लागल्या, जरा जास्तच नीट.

टेरेसाआंटी गल्ल्यामागून उठून सावनीजवळ आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या काही खुळ्या नव्हत्या. डबा कोणी नेला आणि कोणी आहेर केला, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

"पोरी, तू खोटं कशाला बोललीस गं?"

सावनीने त्यांच्याकडे बघितलं. या बाईने कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि या क्षणी सावनीला जगात तिच्याइतका राग दुसऱ्या कुणाचा येत नव्हता.

"आंटी," ती म्हणाली, "तुम्ही खरं कशाला बोललात?"