पाठीवरचे लाल पट्टे

शेंड्यावरला वारा झावळीला हालवी,
खाली उभी कोण गं, मला घरी बोलवी…

सत्तावीस वर्षांपूर्वी माडाच्या शेंड्यावरून उतरलेला तो आवाज दार्येमच्या कानात भरून राहिला होता, आणि तिचे हात नवऱ्याच्या केसांत अडकलेलं झावळीचं तूस एकेक करून वेचत होते. केस रक्ताने चिकटले होते. तूस ओढलं की तो कण्हायचा, डोळे मात्र उघडत नव्हता. तो आवाज त्याचाच, लग्नानंतरच्या दुसऱ्या सकाळचा. ती न्याहारी घेऊन माडाखाली उभी, आणि वर माणूस दिसेना, नुसता आवाज. शेजारच्या माडावरून कुणीतरी खदखदून हसलं, तशी ती पानात बांधलेला भात मुळाशी ठेवून पळत सुटली होती.

"बाई, मी काहीतरी विचारतेय."

दार्येमने मान वर केली. डॉक्टर लारसाती तिच्या मुलीच्या वयाच्या असतील. डोळ्यांवर चष्मा, पायांत रबरी चपला, हातात कागद.

"पडायच्या आधी यांचं डोकं दुखत होतं का? एकदम, आतून काही फुटल्यासारखं? उलटी झाली होती?"

दवाखान्यातल्या खाटेच्या पायथ्याशी सासू उभी होती. नदीपलीकडच्या लेकीच्या घरून ती तशीच अनवाणी निघून आली होती आणि मुलाचे चिखलाने माखलेले तळवे आपल्या पदराने पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. ती दार्येमच्या तोंडाकडे पाहू लागली.

"नाही," दार्येम म्हणाली. "डोकं पडल्यावर दुखायला लागलं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

खरं असं होतं की डोकं आदल्या संध्याकाळीच दुखायला लागलं होतं. रसिकुन चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ फुलवत होता. कढईत नीरा आटत आली होती, गुळाचा वास घरभर झाला होता. एकाएकी त्याने फुंकणी टाकली आणि दोन्ही हातांनी मान धरली. "कुणी मागून कोयत्याचा दांडा घातला का गं?" म्हणाला. असं म्हणून तो मागे वळूनसुद्धा बघायला लागला. मग अंगणात जाऊन ओकला.

वारं शिरलं, दार्येमने ठरवलं. दुसरं काय ठरवणार? त्या डोंगराखालच्या गावांत ताप आला, पोट फुगलं, छातीत धरलं, काहीही झालं तरी वारंच शिरलेलं असतं, आणि ते काढायची रीतही एकच. तिने त्याला पालथं निजवलं, पाठीला खोबरेल लावलं आणि जुन्या नाण्याच्या कडेने मणक्यापासून बरगडीकडे ओढून ओढून पाठ खरवडली. पट्टे लालभडक उठले, पुढे काळपट झाले. "बघा किती वारं होतं," ती म्हणाली. तिला बरंच वाटलं. इतकं निघालं म्हणजे उतार पडणारच.

सकाळी तो उठला नाही. उजाडून गेलं, शेजारचे गडी दोन दोन माड करून आले, तरी हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. "आज नको," म्हणाला. एवढंच.

आणि दार्येम बोलून गेली. नीरा काढणाऱ्याच्या घरात एक दिवस खाडा म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पोयीला, माडाच्या फुलोऱ्याच्या कोंबाला, रोज नवा काप नाही दिला तर ती सुकते, मग आठ आठ दिवस थेंब देत नाही. पण तिने ते असं समजुतीने नाही सांगितलं. "बारा माड ताटकळलेत आणि आमचे राजे लोळतायत," ती म्हणाली. "नाहीतर असं करा, पातळ नेसा नि चुलीपुढे बसा. कोयता द्या इकडे, मी चढते." तो हळूहळू उठला. बांबूची नळकांडी कमरेला बांधताना त्याने एकदा भिंतीला हात लावून डोळे मिटले. तिने ते पाहिलं होतं.

चौथ्या माडावरून तो पडला. निम्म्यावरून पडला, तेही शेताच्या चिखलात, म्हणून हाडं वाचली.

डॉक्टरांना हे सांगणं तसं काही अवघड नव्हतं. पण पायथ्याशी सासू होती. घरात सगळे तिला बियुंग, आई, म्हणत. बियुंगने लग्नाच्या दिवशी सुनेला ना दागिने मोजून दाखवले, ना कामं सांगितली. एकच सांगितलं होतं. "तो एखाद्या दिवशी वर जायला नको म्हणाला, तर त्याला का म्हणून विचारायचं नाही. याच्या बापाला मी एकदा विचारलं होतं." आणि एवढं सांगून ती पानं पुसायला लागली होती.

*

दुसऱ्या दिवशी रसिकुनने डोळे उघडले. पेज मागितली. सलाइन लावलेल्या हाताकडे नवलाने पाहिलं. पडण्याआधीची संध्याकाळ आणि ती सकाळ त्याच्या डोक्यातून पुसून गेली होती. त्याला ना चूल आठवत होती, ना नाणं, ना दार्येमचे शब्द. त्याच्या लेखी परवाची दुपार होती आणि मग थेट हे छत.

दुपारी कुसवादी आला. दोघांचे माड शेजारी शेजारी. केळीच्या पानात गरम मेंदोआन बांधून आणले होते त्याने, तेम्पेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप, अर्धे कच्चे, अर्धे तळलेले, रसिकुनला आवडतात तसे.

"कांग रसिकुन, दादा," खाटेच्या कडेला टेकत तो म्हणाला, "काल दुपारी माकडं जमली होती तुझ्या माडाखाली. म्हणत होती, हा तर आमच्यातला, हा कसा पडला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, वय झालं त्याचं. तुम्ही आता मला घ्या तुमच्यात."

"तुला घेऊन काय करतील? तुझ्या वजनाने फांदी मोडेल."

बियुंगसुद्धा हसली. कुसवादी गेल्यावर मात्र रसिकुन आपल्या उजव्या पावलाकडे पाहत राहिला. अंगठा फाकलेला, टाच घट्ट्यांनी दगडासारखी झालेली.

"दार्येम, खोडावरच्या खाचा मीच पाडलेल्या. डोळे बांधून सोड मला, पाऊल बरोबर पडेल. पाऊस नव्हता म्हणे. शेवाळ नव्हतं. मग पाय घसरला कसा?"

"होतं असं कधी कधी."

"माझं नाही होत." त्याने तोंड फिरवलं. "आता पोरं मला घसरलेला म्हणतील."

बियुंग त्याचं पाऊल चेपायला लागली. "तुझा बापही असाच," एवढंच ती पुटपुटली.

दार्येमच्या ओठांवर आलं होतं. पाय नाही घसरला तुमचा, असं नुसतं म्हटलं असतं तरी त्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता. पण ते एक वाक्य काढलं की त्याच्यामागून दुसरं आलं असतं, मग तिसरं. तिने पेजेची वाटी उचलली आणि धुवायला गेली.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर लारसातींनी त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीवर नळी टेकवता टेकवता थांबल्या.

"हे पट्टे कधीचे?"

"आमच्यात नेहमीचंच आहे हे," दार्येम म्हणाली. "आठवड्या-पंधरवड्याला पाठ खरवडतोच."

"माझी आईही करते," डॉक्टर म्हणाल्या. तरी त्यांचं बोट एका पट्ट्यावरून सावकाश फिरत राहिलं. मग खुर्ची ओढून त्या दार्येमच्या समोर बसल्या. "मी पुन्हा पुन्हा का विचारते ते सांगते. मेंदूवर थोडं रक्त पसरलंय. पडल्यावर मार लागून असं होतं, ते आपसूक जिरतं, काळजी नसते. पण कधी कधी उलटं असतं. डोक्यातल्या एखाद्या शिरेला फुगा आलेला असतो. तो आधी फुटतो आणि मग माणूस पडतो. तसं असेल तर यांना इथे ठेवून चालणार नाही, शहरात न्यावं लागेल. तिथे मांडीच्या शिरेतून केसासारखी नळी घालतात, थेट डोक्यापर्यंत नेतात आणि तो फुगा आतून बारीक तारेच्या वेटोळ्यांनी भरून टाकतात. नाहीतर कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चिमटा बसवतात. दोन्हीतलं एक करता येतं. पण तो पुन्हा फुटायच्या आत."

"आणि फुटला तर?"

डॉक्टरांनी हातातला कागद पुन्हा वर काढला. "आधी दुखत नव्हतं ना डोकं?"

खाटेच्या पलीकडे बियुंग जपमाळ ओढत बसली होती. मणी सरकायचे थांबले होते.

"नाही," दार्येम म्हणाली.

बियुंग नमाजाला गेल्याबरोबर ती उठली. व्हरांड्यातून जवळजवळ धावतच ती डॉक्टरांच्या खोलीशी गेली. खोलीला कुलूप होतं. बाहेरच्या टेबलाशी बसलेली नर्स गोळ्या वेगळ्या करत होती.

"डॉक्टर घरी गेल्या. सकाळी येतील. काय होतंय त्यांना?"

"काही नाही होत. पेज प्यायले, चांगले बोलतायत."

"मग? निरोप असेल तर मला सांगा, मी फोन करते."

दार्येमने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. या मुलीने फोन केला की दोन घटकांत सगळा वॉर्ड जागा होईल, गाडी येईल, बियुंग विचारेल गाडी कशाला. आणि तो तर हसतोय, मेंदोआन खातोय. एवढ्याने काय होणार. सकाळी एकट्या डॉक्टरांना गाठून सांगू. दाराशीच उभी राहीन.

"सकाळी सांगते," ती म्हणाली.

सकाळी ती खरंच दाराशी जाऊन आली. डॉक्टर यायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात त्याचं अंग पुसून घ्यावं म्हणून तिने ओला फडका आणला. त्याला कुशीवर केलं. पाठीवरचे पट्टे फिकटले होते. काल तपकिरी होते, आज नुसती पिवळसर सावली उरली होती, कोवळ्या झावळीसारखी. ती त्यांवरून फडका फिरवत राहिली, आणि फिरवता फिरवता तिच्या लक्षात आलं की आपण जरा जोरानेच पुसतोय.

"घरी गेल्यावर आधी त्या चौथ्या माडाच्या खाचा बघतो," तो म्हणत होता. "कुठलीतरी झिजली असणार. दुसरं काही…"

वाक्य तिथेच राहिलं. त्याचा हात मानेकडे निघाला होता, तो मानेपर्यंत पोचला नाही.

*

खाली नेऊन डोक्याचे फोटो काढले, घशात नळी घातली, श्वासाला यंत्र लावलं. दुपार झाली तेव्हा डॉक्टर लारसाती व्हरांड्यात आल्या. बाकावर दार्येम आणि बियुंग शेजारी शेजारी बसल्या होत्या. डॉक्टर उभ्या राहिल्या नाहीत. त्या दोघींसमोर जमिनीवरच उकिडव्या बसल्या, आणि तिथेच दार्येमला कळलं.

"फुगाच होता," त्या म्हणाल्या. "आज दुसऱ्यांदा फुटला. शहरातल्या डॉक्टरांना मी फोटो पाठवले. ते म्हणाले, आता आणू नका. तार घालायची तर मागे मेंदू उरायला हवा." त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "यंत्र चालतंय, म्हणून छाती हलतेय. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या."

आवारातल्या फणसाखाली कुणाचं तरी तान्हं रडत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "माडावरून पडलेला माणूस म्हणून मी पडल्याचंच धरून चालले. पहिल्याच दिवशी पाठवायला हवं होतं. मला कळायला हवं होतं."

बियुंगने आपला सुरकुतलेला हात डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवला.

"तुझी नाही गं पोरी," ती म्हणाली. "तुझं काय चुकलं? हिने काय कमी केलं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागलेला हिच्या." दुसऱ्या हाताने तिने दार्येमचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. सत्तावीस वर्षांत तिने असा हात धरला नव्हता. "माड घेतातच आमच्यातला एकेक. माझा नवरा घेतला, आता मुलगा घेतला. पायच घसरला त्याचा. कुणाच्या हातात होतं?"

दार्येम त्या हाताकडे पाहत राहिली. गुळाच्या चटक्यांचे जुने डाग होते त्यावर, तिच्या स्वतःच्या हातावर होते तसेच. आत खाटेवर तो उताणा निजवलेला होता, आणि पाठीवर आता कुणालाही काही दिसलं नसतं. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टरांनी चूक आपल्याकडे घेतली होती, बियुंगने ती माडाकडे दिली होती. तिने नुसतं रडायचं होतं.

तिने हात सोडवून घेतला नाही.

"पाय नाही घसरला त्यांचा, बियुंग," ती म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"आदल्या संध्याकाळपासून डोकं दुखत होतं. ओकलेसुद्धा. मी वारं काढलं. सकाळी ते म्हणाले, आज नको. मी म्हटलं, जा."