सम्राटदादाचं शाब्बास

"सीमाताई, तुम्ही लग्न का नाही केलं?"

विचारलं एकदाचं. रुपाली आणि बाकीच्या मैत्रिणी दुकानाबाहेर भिंतीला चिकटून उभ्या होत्या, तोंडात ओढण्या कोंबून. पैज वडापावची होती. "नीलम नुसती बोलती, विचारणार न्हाई," असं रुपाली म्हणाली होती, आणि मला तेवढं पुरतं. नववीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. दहावीत आल्यापासून मात्र कुणी 'तुला जमणार नाही' म्हणायचा अवकाश, मी पुढे.

सीमाताईंनी दातात धरलेली टाचणी काढून माझ्या बाहीला टोचली. तळेगाव ढमढेरेच्या स्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आमच्या शाळेतले निम्मे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले जातात.

"बाहेरच्यांना पण ऐकायचंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मोठ्यानं सांगते. स्थळं आली की. चांगली व्हती. सगळ्यांनी पोहे खाल्ले, चहा पिले, आन् मग विचारलं, ह्याचं काय करायचं? मी म्हणलं, ह्याचं काय करायचं न्हाई, ह्याच्यासंगं राहायचंय. मग ती मान्सं गेली. पोहे मातुर संपवून गेली."

बाहेर रुपाली खरोखरची हसली.

'हा' म्हणजे सम्राटदादा, सीमाताईंचा धाकटा भाऊ. उंचापुरा, दाढीत एखाददुसरा पांढरा केस, पण लहानपणी कसलासा ताप डोक्यात गेला आणि मन तिथंच थांबलं. बोलतो फार थोडं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तो बटणं निवडतो आणि शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याची घडी घालतो. आधी बाह्या मागे, मग कॉलर सरळ, मग पोटाशी धरून एक घडी, मग दुसरी. सावकाश. मग तो कपडा ज्याचा असेल त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "शाब्बास." त्याच्या हातून गेल्याशिवाय त्या दुकानातून कपडा बाहेर पडत नाही. पहिलीतली पोरं त्या 'शाब्बास'साठी रांग लावतात. खरं सांगायचं तर मीही लावायचे.

"पण याला सांभाळून तुम्हाला काय मिळालं?" हे पैजेत नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

सीमाताई रागावल्या नाहीत. "दुकान बंद करताना मी गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात देते. तो तिची गुंडाळी करतो, मला परत देतो आन् म्हणतो, शाब्बास. रोज. दिवसभर राबलं म्हणून रोज शाब्बास म्हणणारं मानूस कितीजणींच्या घरी हाय गं? तुझ्या आईला म्हणतं का कुणी?"

मी विचार केला. पप्पा 'मीठ कमी हाय' म्हणतात, तेवढंच आठवलं.

तेवढ्यात त्या पोट दाबून मशीनवर वाकल्या. घामाचे थेंब शर्टाच्या कापडावर पडले. सम्राटदादाने लगेच ते कापड ओढून घेतलं, आपल्या हाताने त्यांचं कपाळ पुसलं आणि पुन्हा बटणांकडे वळला. त्याला हे नवीन नव्हतं.

"पित्ताच्या पिशवीत खडे झाल्यात," त्या म्हणाल्या. "दौंडचे डॉक्टर म्हणत्यात, ऑपरेशन करा. चार दिवस ठिवून घेणार. ह्याला कुठं ठिवू? पुण्याचा थोरला भाऊ म्हणतो, संस्थेत टाक. आत्ता चार दिवस, मग बघू. त्याचं 'मग बघू' मला म्हाईत हाय. एकदा ठेवलं की सवय होती. ठेवलेल्याला न्हाई, ठेवणाऱ्याला."

"म्हणजे तुम्ही ऑपरेशन करणारच नाही?"

"शनिवारी तपासण्यांना तर जाते. दुकान बंद ठेवून ह्याला संगं न्यावं लागंल."

"मी बसते की दुकानात. शनिवारी सकाळची शाळा असते."

सीमाताईंनी माझ्याकडे, मग सम्राटदादाकडे बघितलं. "बस. फकस्त त्याच्या हातातलं काम घिऊ नको."

एवढंच ना, मी म्हटलं.

शनिवारी मी गळ्यात टेप अडकवून बसले तेव्हा मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. सम्राटदादाला भाजीभाकरी वाढली. भाकरी मी कुस्करून द्यायला गेले, तर त्याने ताट आपल्याकडे ओढलं आणि स्वतःची स्वतः मोडून खाल्ली. बरं, म्हटलं, जमतंय की सगळं.

मग राहू गावच्या गिताबाई आल्या, नातवाला घेऊन. शाळेचा शर्ट न्यायचा होता. स्टँडवर जीप हॉर्न मारत होती.

"आटप गं पोरी, जीप सुटंल. पुढची कवा मिळंल काय नेम न्हाई."

सम्राटदादा बाही मागे करत होता. एक बाही. मग तिची सुरकुती. जीपने पुन्हा हॉर्न मारला. गिताबाई पायऱ्या उतरून पुन्हा चढल्या. मी त्याच्या मांडीवरचा शर्ट उचलला, पिशवीत कोंबला आणि त्यांच्या हातात दिला. त्या पळाल्या.

सम्राटदादा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

"पुढचा तू घाल हां घडी," मी म्हटलं आणि एका बाईला अस्तराचं कापड दाखवायला वळले. परत बघितलं तर स्टूल रिकामं. बटणांच्या टोपलीवर फडकं नीट झाकलेलं.

तो एकटा रस्ता कधीच ओलांडत नाही. त्याला काही झालं तर पुण्याचा भाऊ म्हणणार, बघ, सांगत होतो ना. आणि मग संस्था. आणि हे माझ्यामुळे. चप्पल न घालता मी धावत सुटले. आठवड्याचा बाजार होता, भाजीच्या पाट्या, टेम्पो, गर्दी. मी "सम्राटदादा, सम्राटदादा" करत स्टँडवर पोहोचले.

राहूच्या जीपसमोर तो उभा होता. बॉनेटवर दोन्ही हात ठेवून. जीप गच्च भरलेली आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आलेला.

"ए, बाजूला हो. कुणाचं हाय रं हे येडं?"

गर्दीत आमच्या वडगाव रासाईची माणसं होती. त्यांनी मला ओळखलं होतं, मी कुणाची मुलगी ते त्यांना पक्कं माहीत होतं. आणि सम्राटदादा कुठल्या वस्तीतला, हेही.

"माझा भाऊ हाय," मी म्हणाले. "आणि येडं म्हणायचं नाही."

ड्रायव्हर आत गेला. मी गिताबाईंकडे हात पुढे केला. "आजी, तो शर्ट द्या जरा. घडी राहिलीय."

"अगं, घडीसाठी जीप थांबवतीस व्हय?"

"हो."

का कोण जाणे, त्यांनी दिला. सम्राटदादाने तो बॉनेटवर पसरला. बाह्या मागे. कॉलर सरळ. जीपमधलं कुणीतरी पुटपुटलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी हात मागे बांधून उभी राहिले, कारण माझे हात नुसते शिवशिवत होते. एक घडी, दुसरी. मग तो खिडकीशी गेला आणि शर्ट त्या नातवाच्या हातात ठेवला.

"शाब्बास."

पोरगं आजीच्या मांडीवर ताठ झालं. बाजारातलं काहीही मिळालं नसतं तरी त्याला आता चाललं असतं, असा चेहरा.

मागच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, "मलाबी म्हण की रं बाबा. पहाटंपासनं मेथी इकतीय."

सम्राटदादाने तिच्याकडे नीट बघितलं. "शाब्बास," तो म्हणाला. मग जीप गेली. परत येताना त्याने माझी बाही धरली होती. रस्ता ओलांडेपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी सीमाताई दौंडहून आल्या. मी सगळं सांगितलं, जीपसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि सम्राटदादाच्या पायाची धूळ झटकली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गुरुवारी या म्हणाले. आता थांबू नका म्हणाले." त्या मशीनचं झाकण लावू लागल्या. "बघू."

हे त्यांचंही 'मग बघू' होतं, आणि ते मला चालणार नव्हतं.

"सम्राटदादा आमच्याकडे राहील. चार दिवस."

त्यांचे हात थांबले. "तुमच्या घरात, नीलम?"

मला आमच्या खिडकीतला स्टीलचा ग्लास आठवला. काठाला पोचा आलेला, एकटाच, कपबशांपासून लांब. आत्याच्या लग्नाची मापं घ्यायला सीमाताई आमच्या घरी आल्या होत्या तेव्हा आईने चहा त्यात दिला होता. पाहुण्यांना कप देतात आणि त्यांच्या वस्तीतलं कुणी आलं की तो ग्लास निघतो, हे मी जन्मापासून बघत आले होते. बघून कधी दिसलं मात्र नव्हतं. इकडे दुकानात त्या मला चहा देतात तो फुलांच्या कपातून, त्यांच्याकडच्या सगळ्यात चांगल्या.

"चहा चांगला केलता तुझ्या आईनं," सीमाताई हळूच म्हणाल्या. "त्याच्यात खोट न्हवती."

ओढणी गोळा करून निघाले, तर सम्राटदादाने ती माझ्या हातातून घेतली. मी दिली, आणि थांबले. माझी बस स्टँडवर लागलेली दिसत होती. तो टोकाला टोक जुळवत होता. बस सुटली तर सुटली. त्याने ओढणी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला.

ते मी लिहीत नाही. ते माझं आहे.

घरी पोहोचले तेव्हा आई चहा गाळत होती. पप्पा मोबाइलवर कसलंसं भाषण बघत होते. मी खिडकीतला ग्लास घेतला, विसळला आणि आईपुढे धरला.

"त्यात काय पितीस? कप घे."

"यातच दे."

तिने दिला. कडा ओठांना चटका देत होती, पण चहा तोच होता. मी दोन घोट घेतले आणि मग सांगून टाकलं.

"गुरुवारपासून चार दिवस सीमाताईंचा सम्राटदादा आपल्याकडे राहणार आहे. मधल्या खोलीत झोपेल, आपल्याबरोबर बसून जेवेल, कपातून चहा पिईल. तेवढे दिवस मी शाळेला दांडी मारणार. त्यांना तसं कबूल करून आलेय."

पप्पांनी भाषण बंद केलं. आईने पदराला हात पुसले, एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"आन् त्याला येतं तरी काय?"

"घडी घालता येते," मी म्हणाले. "दोरीवरची तुझी साडी त्याच्या हातात दे. घाई करू नको. मग तो काय म्हणतो, ते तूच ऐक."