काळ्याच्या घशातलं हाड

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुट्टीच्या दुपारी खानदेशातून आलेला लूम कामगार निंबा सुरतेच्या भेस्तान भागातल्या आपल्या खोलीबाहेर जेवत होता. त्याने टाकलेलं मटणाचं हाड त्याच्या कुत्र्याच्या, काळ्याच्या घशात अडकलं. काळ्या पंजाने तोंड ओरबाडू लागला. लाळ गळत होती, पण आवाज फुटेना.

“पिसाळला! दारं लावा!” शेजारी ओरडला.

“हाड अडकनं त्याले,” निंबाची बायको वत्सला म्हणाली. “घाला ना तोंडमा हात!”

चावेल या भीतीने निंबाचा हात पुढे होईना. माशाचा काटा अडकला की त्यांच्या घरी भाकरीचा कोरडा घास गिळायचे. त्याला तेवढंच सुचलं. भाकरीचा मोठा तुकडा त्याने काठीने काळ्याच्या घशात सारला. काळ्या तडफडला आणि थोड्याच वेळात लुळा पडला.

वत्सलाने धावत येऊन त्याचे मागचे पाय धरले आणि त्याला उलटं उचललं. निंबाने बरगड्यांखाली जोराने दाबलं. भाकरी बाहेर पडली, हाड राहिलं. तेव्हा कुठे निंबाने तोंडात हात घातला. हाड दाढांच्या मागेच होतं, दोन बोटांत सहज निघालं.

“आते बरा गया तुमना हात तोंडमा,” वत्सला म्हणाली.

काळ्या हलला नाही. निंबा त्याच्या बरगड्या दाबतच राहिला.