चमचा कुणाच्या हातात?

सकाळी तेल्मा मका वाटत होती आणि रेडिओवर तिचाच आवाज लागला होता. ‘आयांनो, लेकराला जुलाब झाले तर मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवा, चमच्याचमच्याने पाजत राहा.’ होंडुरासच्या आमच्या डोंगरात रेडिओवाले आले, तेव्हा त्यांना तिचा गोड आवाज पसंत पडला होता.

“आल्या मास्तरीणबाई,” सासू पेत्रोना म्हणाली.

तेल्माचा तान्हा नाऊन आदल्या दिवसापासून जुलाबाने हैराण होता. टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत टिपूस नाही.

“आई, घोटभर पाणी देऊ द्या ना.”

“घाल पाणी, म्हणजे आणखी वाहील. पोट कोरडं पडू दे. टाळू पडलीय त्याची, ती वर आणायला हवी.”

आमच्याकडे म्हाताऱ्या करत आल्या तेच पेत्रोनाने केलं. नातवाचे पाय धरून त्याला उलटं टांगलं आणि तळव्यांवर चापट्या मारल्या. तेल्माने पुडी काढली. नवऱ्याने, फाउस्तोने, ती हिसकावून चुलीत टाकली.

“आईनं सात पोरं वाढवलीत. तुझी अक्कल रेडिओवर पाजळ.”

दुपारी नाऊन रडायचा थांबला. पेत्रोना म्हणाली, उतार पडला. दिवस मावळायच्या आत पोर गेलं.

मातीला आलेली शेजारीण ओंदिना तेल्माच्या गळ्यात पडून रडली. “तुझं ऐकून माझी पोरगी वाचली गं. मला सासू नाही ना.”

पुढे रेडिओवाला नवा मजकूर आणि आवाज भरायचं यंत्र घेऊन घरी आला. ‘आयांनो, हयगय करू नका.’ तेल्माने तो ऐकून घेतला. दारात पेत्रोना शेंगा सोलत बसली होती. तेल्मा यंत्रापुढे बोलू लागली.

“आज्यांनो, मी तेल्मा. माझ्या नाऊनला त्याच्या आजीनं, पेत्रोनानं, उलटं टांगलं. बापानं पुडी जाळली. मी बघत राहिले. तो तहानेनं मेला. तुमच्या घरात चमचा कुणाच्या हातात आहे?”

शेंगा सोलणारे हात थांबले. रेडिओवाला खाकरला. “घरची भांडणं नकोत, बाई. नावं काढावी लागतील.”

“मग माझा आवाजपण काढा.”

त्यांनी खरंच काढला. आता दुसऱ्या बाईचा गोड आवाज लागतो, आणि तोही आयांनाच शिकवतो. सांगणाऱ्यांना याची लाज वाटत नाही, याचा मला संताप येतो.

तेल्मा पुड्या घेऊन दारोदार जाते. सुना पुढे येतात. ती त्यांना बाजूला सारते आणि म्हणते, “आधी म्हातारीला बाहेर बोलाव.”