जसोदानं नाव घेतलं

माझ्या जेठांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव मी आजही घेत नाही. पुढे जसोदा घेईल तेव्हा ऐका. जसोदा म्हणजे माझी मोठी जाऊ, जेठांची बायको.

नवं राज्य झालं त्या सालच्या भादव्यातली गोष्ट. दर वर्षी आमच्याकडे कापूस वेचायला येणारी कालीबाई कधीची पाठीस लागली होती, "एक दिन मन्हा डोंगरवर या, मक्कानी कणसं खावाले." शेवटी आम्ही दोघी जावा आणि शेजारची दगूबाई, तिघी जिवाभावाच्या, निघालो एकदाच्या. बाया एकट्या कशा जातील, म्हणून जेठ सोबतीला. आमच्या ब्राह्मणपुरीहून पायथ्यापर्यंत बैलगाडी, पुढे चढण. आणि आभाळ असलं लबाड! घडीत ऊन, घडीत सर. लुगडी वाळतात न वाळतात तोच पुन्हा चिंब. दगूबाई म्हणाली, "हाई आभाळ मन्ही सासूनं शिकाडेल शे." हसून हसून आमचं पोट दुखलं.

कालीबाईची झोपडी डोंगराच्या सोंडेवर, आजूबाजूला आणखी दोन-तीन. आम्ही कणसं भाजून खाल्ली. एवढ्या बायांत बसायचं अवघड वाटलं, म्हणून जेठ उठले. "खाले बैल दिसतस का, देखी येस," म्हणत सोंडेच्या टोकाकडे गेले.

आणि धुकं आलं. बघता बघता अंगणातली चूलही दिसेना. आम्ही "ओऽऽ" केलं. "ऊनू, ऊनू!" जेठांनी आलो म्हणून ओ दिली. पण आवाज जवळ यायच्या ऐवजी लांबच चालला. पलीकडच्या डोंगरावरचे गुराखीही "ओऽऽ" करत होते ना!

"शेठ त्यासनी हाकले भुलना!" कालीबाई ताडकन उठली. "मधमा कडा शे, व माय!" तिनं "शेठ, थांब!" म्हणून बोंब ठोकली. पण पावसाच्या आवाजात शब्द कुठले पोचतात? उत्तर तेच, "ऊनू!", आणखी लांबून.

"नाव लिसन बलावा," कालीबाई म्हणाली. "नाव ऐकं की माणूस उभा ऱ्हास. काय नाव शे त्यानं?"

पण सांगायचं कोणी? कालीबाई जेठांना कायम शेठच म्हणत आलेली, तिला नाव ठाऊकच नाही. मी धाकटी भावजय, त्यांच्यासमोर मान वर करायची चोरी, तिथे नाव कुठलं? दगूबाईच्या नवऱ्याचं नाव नेमकं तेच. ती तर पानाला लावायचा चुनासुद्धा 'पांढरं' म्हणून मागायची. आणि जसोदाला पोरबाळ नव्हतं, नाहीतर 'अमक्याचा बाप' म्हणून तरी ओरडली असती.

"मरी जाई तो! नाव काय चाटनं शे का?" असं म्हणून कालीबाई धुक्यात पळत सुटली. पण ती कधी पोचणार!

मी जसोदाला दंड धरून हलवलं. "ले ना व बहिन, नाव ले!"

नवी नवरी असताना एकदा चुकून तिच्या तोंडून नाव गेलं, आणि त्याच आठवड्यात जेठ मुदतीच्या तापानं आडवे झाले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं तेव्हा तिला असं काही सुनावलं की ते मनात रुतूनच बसलं.

"मी नाव लिसू तं त्या मरतीन," ती पुटपुटली.

"आनी नही लिसू तं?" मी खेकसले. असा संताप आला मला, तिचा, सासूचा, सगळ्यांचा! मीच तोंड उघडलं, तर आवाज फुटेना.

"ऊनू!" आता आवाज पार खालून आला.

जसोदाच्या डोक्यावरचा पदर गळून पडला. पोटाशी हात धरून ती किंचाळली, "चुनीलाऽऽल! हालू नका! चुनीलाऽऽल!"

सगळं चिडीचूप. पलीकडचे गुराखीसुद्धा गप्प झाले. जेठांची ओ येईना.

धुकं आलं तसंच गेलं. पाहतो तर सोंडेच्या टोकाशी जेठ खांबासारखे उभे, आणि मागून कालीबाईनं त्यांचं धोतर मुठीत गच्च धरलेलं. धोतर न सोडताच तिनं त्यांना वर आणलं. मी पदर ओढून कुडाआड झाले, पण कान तिकडेच.

"कोनी बलावं मले?" त्यांनी विचारलं. "माय गई तवपासून मन्हं नाव लिसन कोनी बलावं नही. वाटनं, मायच शे. पाय उचलेल व्हता, तसाच थांबनू."

"मी बलावं," जसोदा हुंदके देत म्हणाली. "दोनदाव नाव लिधं मी. तुमनं आयुष्य घटनं आते. किती घटनं, देव जाने!"

जेठांनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि कड्याकडे बोट केलं.

"उरेल व्हतं तेच तितलं व्हतं," ते म्हणाले. "एक पाऊल."