अजून नाही

बेकरीकाम शिकवणाऱ्या ग्लेनिस टकरबाईंचे दोन शब्द गावभर गाजलेले होते, "अजून नाही." सरकारने पूर्वी कधीतरी धंदेशिक्षणातून पास-नापास काढून टाकलं आणि दोनच शेरे ठेवले, 'जमतं' आणि 'अजून नाही'. बाईंना दुसरा इतका आवडला की ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या त्या गावातले निम्मे बेकरीवाले तो ऐकतच तयार झाले होते.

आता सरकारला पुन्हा सुधारणेची हुक्की आली. शिकवणाऱ्यांनीही नवं प्रमाणपत्र घ्यायचं, नाहीतर जुलैपासून त्यांचा वर्ग बंद. बाईंचा तिळपापड झाला. त्यात परीक्षक कोण यावा, तर डार्सी मुलेन. बाईंच्या वर्गात त्याला स्पंज केक कधी जमला नव्हता, म्हणून बेकरीचा नाद सोडून तो या नोकरीत शिरला होता. वर्ग गेला तर आपण घरी बसून करायचं काय, हा विचार बाईंना सोडेना.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी डार्सीसमोर शिकवून दाखवायचं होतं, आणि मर्व लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन, करत होता. मर्व म्हणजे जन्मभर ट्रक हाकलेला आडदांड गडी, सरकारने फी माफ केली म्हणून केक शिकायला आलेला. त्याने केकचा चौकोन चॉकलेटात बुडवला आणि तसाच धरून बसला. बाईंना राहवेना. त्यांनी त्याच्या हातून काटा हिसकावला, चौकोन वर काढला आणि खोबऱ्यात घोळवून झोकात ताटलीत ठेवला.

"झकास झालाय बाई," डार्सी म्हणाला, "पण केलात तुम्ही. मर्व काय शिकला?" मग कान खाजवत हळूच म्हणाला, "अजून नाही."

घरी पोचेपर्यंत बाईंनी सरकारचा आणि डार्सीचा यथेच्छ उद्धार केला. भांडी घासताना मात्र त्यांना डार्सीचा स्पंज आठवला. दर वेळी अंडी फेटायचं भांडं त्याच्या हातून आपणच ओढून घ्यायचो. बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी आपले हात मर्वकडून एप्रनच्या नाडीने मागे बांधून घेतले. त्याने ट्रकवर माल आवळायची गाठ मारली. पहिला चौकोन चॉकलेटात विरघळला. बाईंचे खांदे उडाले, पण गाठ हलेना.

"काय चुकलं, मर्व?"

"फार वेळ बुडवला."

"मग?"

मर्वने दुसरा बुडवला तसा चटकन काढला. खोबरं कसं छान बसलं.

डार्सीने 'जमतं' लिहिलं आणि गाठ सोडवायला बसला. ती सुटता सुटेना, तिघंही हसून बेजार झाली.

"बाई, माझ्या स्पंजचं काय मग?" त्याने मागूनच विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारी ये वर्गाला. फी माफ आहे. आणि या वेळी भांडं तुझ्याच हातात राहील."