तीन डबे

टणकन झाकण फरशीवर पडलं, गोल गोल फिरत राहिलं, आणि लॅपटॉपसमोर श्वास रोखून बसलेली ती दचकली. अकराला दहा मिनिटं होती.

स्वयंपाकघराच्या दारात तिच्या सासूबाई आणि सहा वर्षांची लेक भिंगरी तीन सारखे डबे मांडून बसल्या होत्या. खेळ तिनेच दोघींना शिकवलेला. डब्यांत वाटाणे भरायचे, दोन हलके नि एक जड, नाहीतर दोन जड नि एक हलका. समोरच्याने झाकण न काढता ओळखायचं. तिचं कामही तेच. वर हवेत जन्मलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण डोंगराखालच्या यंत्रात येत, काही थेट डोक्यावरून, काही अख्खी पृथ्वी पार करून. पृथ्वीतून येताना ते किती बदलले, यावरून त्यांच्या तीन प्रकारांतलं, तीन भावंडांतलं म्हणा, जड-हलकं ठरायचं होतं.

मोजण्याची पद्धत पक्की होईपर्यंत खरे आकडे झाकून ठेवायचे, नाहीतर माणूस नकळत मनासारखं मोजतो, असा गटाचा दंडक. तीन वर्षं ती तिकडे डोकावलीही नव्हती; आज अकराला ते उघडायचे होते. स्वतःचा अंदाज लिहिलेलं वहीचं पहिलं पानसुद्धा तिने हल्ली उघडलं नव्हतं.

“न चाखता वाढायचं म्हण की,” सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या. “आणि भलतंच निघालं तर?”

“भलतं काही नसतंच, आई. काहीही निघालं तरी आम्हाला सारखंच.”

तिकडे भिंगरीने दोन जड म्हटलं होतं, निघाला एकच. तिने गाल फुगवले. आजीने समजूत घातली, आईकडे बघ जरा, तिला कसं काहीही चालतं.

अकरा वाजले. पडद्यावर चौकोना-चौकोनांतून गटातले सगळे चेहरे पुढे झुकले. गटप्रमुख सरांनी आकडे उघडले आणि एक रेघ वर चढत गेली. छातीठोक सांगावं इतकं नव्हतं, पण कल स्पष्ट होता: दोन हलके, एक जड. वहीच्या पहिल्या पानावर होतं, अगदी तेच.

तिने आवाज बंद केला, धावत जाऊन भिंगरीला उचललं आणि गरगरा फिरवलं. वाटाणे पायांखाली घरंगळले. सासूबाई म्हणाल्या, अगं पडाल दोघी, आणि स्वतःच हसत सुटल्या.

फिरणं थांबलं तशी भिंगरीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला.

“आई, उलटं निघालं असतं, तर मला एवढंच फिरवलं असतंस?”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि उत्तराची वाट पाहत एकेक वाटाणा वेचू लागल्या.